तीन बाटल्या सुटल्या तो दिवस

"आज डोळे घरी ठेवून आलीस ना?" ताई पाठीमागून विचारायच्या. त्यांचा अंदाज सहसा चुकायचा नाही.

सावली गावाच्या रस्त्यावर आमचा इंजेक्शनचा कारखाना होता. भरलेली प्रत्येक छोटी बाटली दिव्यासमोर धरून हलकेच फिरवायची आणि आत काचेचा कण किंवा धागा दिसला की बाजूला काढायची, हे आम्हा सहा जणींचं काम. ताई आमच्या सुपरवायझर. शहरातल्या समा भागातून येणाऱ्या कंपनीच्या बसमध्येच त्या प्रत्येकीचा चेहरा वाचून घ्यायच्या. कुणी घरी भांडून आली असेल तर तिला त्या दिवशी लेबलं लावायला बसवायच्या.

एकदा त्यांनी हेतलला उठवलं. ती बिचारी गोंधळून गुजरातीतच म्हणाली, "पण ताई, हुं तो खुश छुं!"

"तेच म्हणते मी. साखरपुडा ठरलाय. तुला आज प्रत्येक बाटलीत तोच दिसणार."

आमची नजर तपासायला ट्रेमध्ये रोज मुद्दाम पाच खराब बाटल्या मिसळत. त्यांच्या बुडाला खूण असायची. एका मंगळवारी दोघी रजेवर होत्या, म्हणून ताई स्वतः टेबलावर बसल्या. बाटल्या मिसळायचं काम माझ्याकडे होतं. दुपारी मोजल्या, तर ताईंनी दोनच पकडल्या होत्या.

मी पुन्हा एकदा मोजून पाहिल्या. त्यांना हे सांगायचं कसं? शेवटी हळूच म्हटलं, "ताई, तीन सुटल्या."

त्यांनी खुणा पाहिल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग उठून सरळ साहेबांकडे गेल्या. "माझं सकाळपासूनचं सगळं परत तपासायचं."

"अहो बेन, बाहेर माल न्यायला गाडी उभी आहे."

"उभी राहू दे. हे कुणाच्या तरी अंगात जाणार आहे."

आम्ही संध्याकाळपर्यंत तपासत बसलो. एका बाटलीत केसाएवढी काच निघाली. ती मिसळलेली नव्हती, खरीच होती. ताईंनी ती हातात घेतली आणि मग कुठे बोलल्या, "काल ह्यांचा रिपोर्ट आला. कॅन्सर आहे. वाटलं होतं, कामात डोकं गुंतेल."

दुसऱ्या दिवसापासून त्या आपण होऊन लेबलं लावायला बसू लागल्या. सहा महिन्यांनी नोकरीच सोडली.

परवा फतेगंजच्या बाजारात त्या दिसल्या. यजमान काठी टेकत, फार सावकाश चालत होते. ताई अर्धं पाऊल मागे होत्या, नजर त्यांच्या पायांवर. रिक्षा, हॉर्न, भाजीवाल्याची हाक, कशानेच त्यांची मान वर झाली नाही. मी हातभर अंतरावरून गेले. त्यांना मी दिसले नाही, आणि मीही हाक मारली नाही.