बॉक्स ऑफिसमधले बटाटेवडे

"मुग्धा, तुझ्या चार्टमध्ये एक नंबरला हे काय आलंय? मला तर नाव वाचतासुद्धा येत नाहीये!"

रविवारची सकाळ होती. माझा बॉस रॉन खुर्चीमागे उभा राहून माझ्या स्क्रीनकडे बोट दाखवत होता. मी वाचलं आणि अशी किंचाळले की पलीकडच्या टेबलावर कुणाची तरी कॉफी सांडली. शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या आमच्या मराठी मंडळाने आणलेला सिनेमा अख्ख्या अमेरिकेत पहिला!

थांबा, आधी माझं काम काय ते सांगते. २००८ साली मी शिकागोत मनोरंजनाच्या बातम्या देणाऱ्या एका वेबसाइटवर डेटा सांभाळायचे. सिनेमा लावणाऱ्यांनी माझ्या फॉर्मवर कमाई भरून पाठवायची आणि मी दर रविवारी दुपारपर्यंत सिनेमांच्या वीकेंडच्या कमाईचा चार्ट लावायचा. यातली गंमत अशी, की रविवारी येतात ते एस्टिमेट्स. शुक्रवार-शनिवारचा गल्ला खरा आणि रविवारचा अंदाजपंचे. खरे आकडे, म्हणजे ॲक्चुअल्स, सोमवारी येतात. तोवर सगळ्यांनी आपापली पाठ थोपटून घेतलेली असते.

दुसरा एक चार्ट असतो, पर थिएटर ॲव्हरेजचा. एकूण कमाई भागिले थिएटरं. तीन हजार थिएटरांत लागलेला बडा सिनेमा इथे मागे पडू शकतो आणि चारच ठिकाणी हाउसफुल असलेला वर येतो. आमचा सिनेमा एकाच थिएटरात होता. पाच शो, पाचही फुल. भागिले एक!

रॉनला त्या दिवसांत प्रायमरीचं वेड लागलं होतं. प्रायमरी म्हणजे राष्ट्राध्यक्षपदासाठी आपला उमेदवार कोण, हे प्रत्येक पक्ष एकेका राज्यात मतं घेऊन ठरवतो, ती फेरी. त्या वर्षी चुरस अशी होती की लिफ्टमध्येसुद्धा लोक डेलिगेट्स, म्हणजे कुठल्या उमेदवाराने किती प्रतिनिधी जिंकले ते, मोजत होते. सिनेमा बघणाऱ्यांनाही राजकारण हवंय, असं म्हणून रॉनने माझ्या चार्टशेजारी निकालांचा तक्ता लावला होता. तोही मीच भरायचे, पगार तेवढाच.

"अगं, हे तर अगदी पहिल्या राज्यासारखं आहे," तो म्हणाला. "राज्य एवढंसं, मतं मूठभर, पण जिंकलं की दुसऱ्या दिवशी देशभर हवा! टॉपला घे."

"आणि शनिवारच्या प्रायमरीचा निकाल?"

"तो सगळ्यांकडे आहे. हा फक्त आपल्याकडे आहे."

मी पेठकरकाकांना फोन लावला. काका आमच्या मंडळाचे अध्यक्ष. आठ वर्षं शाळेच्या हॉलमध्ये भिंतीला चादर लावून डीव्हीडीवर मराठी सिनेमे दाखवलेला माणूस. खऱ्या थिएटरात, खऱ्या पडद्यावर आपला सिनेमा लागावा, एवढीच त्यांची हौस. थिएटरच्या मॅनेजरने त्यांना भाड्याने एकच वीकेंड दिला होता आणि बजावलं होतं, आकडे चांगले आले तर पुढचा वीकेंडही देईन, नाहीतर पुन्हा विचारू नका. काका त्या दुसऱ्या वीकेंडसाठी देव पाण्यात घालून बसले होते. शेजारच्या इंडियाना आणि विस्कॉन्सिन राज्यांतली कितीतरी माणसं तिकिटं न मिळाल्याने राहिली होती.

"काका, आपण पहिले आलो!"

"काय सांगतेस! अगं ए, ऐकलंस का?" हे काकूंना. मग फोनवर नुसताच गोंधळ. काका चक्क नाचत होते, असं काकूंनी नंतर सांगितलं. सत्तरीला टेकलेला माणूस!

सोमवारी मी ॲक्चुअल्स तपासायला घेतले. थिएटरकडून किती माणसं आली तो आकडा आला होता. काकांनी माझ्या फॉर्मवर लिहिलेल्या कमाईला त्याने भागलं. माणशी पंधरा डॉलर! तेव्हा आमच्याकडे नऊ-दहा डॉलरवर तिकीट कुठेच नव्हतं.

"काका, तिकीट केवढ्याला विकलंत?"

"पंधरा."

"नुसत्या सिनेमाचे पंधरा?"

"नुसता सिनेमा कोण दाखवतं गं? दोन बटाटेवडे, चटणी आणि चहा. मंडळाचं तिकीट म्हणजे त्यात सगळं आलं. आठ वर्षांचा रिवाज आहे आपला."

"पण वडे वाटले कुठे? थिएटरात बाहेरचं खाणं चालत नाही!"

"पार्किंगपलीकडे कम्युनिटी हॉल आहे ना, तिथे. आधी खायचं, मग आत जायचं. मी काय कायदा मोडतो का?"

मी डोक्याला हात लावला. अमेरिकेच्या बॉक्स ऑफिसवर पहिल्या आलेल्या सिनेमाच्या गल्ल्यात तीन हजार बटाटेवडे होते! वडे-चहाचे पाच डॉलर वजा केले, तर सिनेमा घसरून सातव्या नंबरावर आला.

"काका, मला हे दुरुस्त करावं लागेल."

"दोन वड्यांचं काय घेऊन बसलीस? घरचीच माणसं ना आपण?"

"म्हणूनच. हिने आपल्याच मंडळाला वर चढवलं म्हणतील. माझ्या चार्टवर मग विश्वास कोण ठेवेल?"

काका हळूच म्हणाले, "म्हणजे पुढचा वीकेंड गेला का गं?" मला इतकं वाईट वाटलं! पण आकडा तो आकडा.

मग मी रॉनकडे गेले. सगळं ऐकून त्याने आधी वडा म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं. मग तो जो हसत सुटला, की चष्मा काढून डोळे पुसायला लागला.

"गेल्या महिन्यात मी एक राज्य मतमोजणीआधीच जाहीर करून टाकलं होतं, आठवतं? तेव्हा शिकलो. चूक लगेच कबूल करायची आणि सगळ्यात वर छापायची. लपवली की लोक जास्त शोधतात."

हेडलाइन त्यानेच दिली, 'नंबर वनच्या कमाईत वडे निघाले'. त्या आठवड्यात साइटवर तेच सगळ्यात जास्त वाचलं गेलं. प्रायमरीच्या तक्त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. रॉन दोन दिवस धुसफुसत होता.

बुधवारी थिएटरच्या मॅनेजरने काकांना बोलावून घेतलं. काका मला आधारासाठी घेऊन गेले. बाहेर बर्फ साचला होता आणि काका गाडीतून उतरेचनात.

मॅनेजरच्या टेबलावर आमच्या बातमीचा प्रिंटआउट होता. "पाच शो हाउसफुल," तो म्हणाला, "आणि पॉपकॉर्न जवळजवळ शून्य. मशीन बिघडलं म्हणून मी मेकॅनिक बोलावला होता. आता कळलं. सगळे पोटभर जेवून येत होते!"

"सॉरी," काका पुटपुटले.

"माणसं तर खरी होती ना? थिएटर मोजतं ते माणसं. पुढचा वीकेंड तुमचा. पण एक अट आहे. वडे माझ्या काउंटरवर विकायचे, तुमच्याच केटररकडून, आणि वेगळ्या पैशांनी."

काकांनी टेबलावरून वाकून त्याला मिठीच मारली. अमेरिकन मॅनेजर बिचारा, हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. मला हसूही येत होतं आणि रडूही.

दुसऱ्या वीकेंडला सिनेमा पुन्हा फुल गेला आणि चार्टवर, या वेळी वड्यांशिवाय, अकरावा आला. काकांना अकराव्याचा अभिमान पहिल्यापेक्षा जास्त. आणि माझ्या फॉर्ममध्ये मी एक ओळ वाढवली, 'तिकिटाच्या किमतीत खाण्याचे पैसे धरले आहेत का?' मी नोकरी सोडेपर्यंत हॉलिवूडचे मोठमोठे स्टुडिओ दर रविवारी तिथे इमानेइतबारे 'नाही' लिहीत होते. का विचारतात, हे एकानेही कधी विचारलं नाही.