माघार घेतलेल्याला मत

मुलांनो, तुम्ही यंदा पहिल्यांदा मत देणार, म्हणून शेजारच्या निवृत्त डॉक्टरीणबाईंबद्दल आत्ताच लिहिते. चिडल्या की त्या चष्मा पुसत बसतात. आमच्या शिकागोजवळच्या नेपरव्हिलला प्रायमरी, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारं मतदान, मार्चमध्ये असते. मागच्या खेपेला त्याआधीच, सगळ्यांत आधी मतदान होणाऱ्या दोन छोट्या राज्यांत हरून, बाईंच्या आवडत्या उमेदवाराने माघार घेतली. मतपत्रिकेवर नाव मात्र छापलेलं राहिलं.

"दोन पेशंट तपासायचे आणि औषध अख्ख्या वॉर्डाला," मतदानाला जाताना त्या गाडीत चष्मा पुसत म्हणाल्या.

"अहो, पण ड्रॉप आउट झालेल्याला मत म्हणजे वेस्टच ना?" मी विचारलं.

"आपल्याला आज विचारतायत. मग मी आजच सांगणार."

मत देताना मीही त्याच नावापुढचा गोल काळा केला. त्या हरलेल्या नावापुढे आमच्या दोघींची मतं आहेत.