आटणीवाल्यांनी सांगितलेला भाव

जुनं सोनं विकत घेणाऱ्या दुकानाच्या मागच्या खोलीत आटणीवाले भट्टीपुढे बसत. विकायला आलेला माणूस समोरच्या बाकावर बसायचा आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याची अंगठी मुशीत जायची, वितळायची आणि लगड होऊन बाहेर यायची. नंतर हळहळून उपयोग नसायचा. उभा जन्म आटणीवाल्यांनी हेच पाहिलं. सोनं घेणारी माणसं रस्त्यापलीकडच्या चकचकीत दुकानांत जात. यांच्या वाट्याला फक्त विकणारी. त्यामुळे सगळं जग सोनं विकायलाच निघालंय असा या भल्या माणसाचा समज झाला होता, आणि तिथेच घात झाला.

एका गिऱ्हाइकाने त्यांना फोनवर एक फिल्म दाखवली. अंतराळात कुठलासा लघुग्रह फिरतोय, त्याच्या पोटात म्हणे ढीगभर सोनं आहे, आणि यंत्रं जाऊन ते खणून आणणार. ‘‘एकदा ते खाली आलं की सोनं खडीच्या भावाने जाईल बघा,’’ असं म्हणत त्याने स्वतःची साखळी आटवायला दिली. त्या आठवड्यात आणखी दोघं-तिघं हेच बोलत आले. झालं, आटणीवाल्यांची खात्री पटली. भट्टीपुढे बसून आभाळाचा हिशोब मांडू नये, पण त्यांनी मांडला.

ते तडक ताईकडे गेले. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, शिवणयंत्रावर वाकून वाकून म्हातारी झालेली. राहती भाड्याची खोली विकत घ्यायची म्हणून तिने पै पै करून सोन्याची नाणी जमवली होती.

‘‘ताई, विकून टाक सगळी. पुढे मातीमोल होणार आहेत.’’

‘‘सोन्यातलं मला काय कळतंय? तू म्हणतोस ना, मग झालं.’’

नाणी त्यांनी स्वतःच्या हाताने आटवली. त्या दिवशी घरी जाताना त्यांची मान चांगली ताठ होती.

नंतर ते मोठ्या तोऱ्यात मालकाला लघुग्रहाचं सांगायला गेले. मालक पोट धरून हसला. ‘‘अहो, तिथून चिमूटभर सोनं आणायचं तर त्याच्या किमतीहून खर्च जास्त! आणायला लागतील तोवर आपण असू का?’’ भाव पडला तर नाहीच, उलट वर वर चढत गेला.

ताईची नजर अधू. पेपर वाचणं तिने कधीच सोडलेलं. रविवारी भाऊ जेवायला आला की ती विचारायची, ‘‘काय रे, पडला का भाव?’’

‘‘पडतोय हळूहळू,’’ पहिल्यांदा ते कसेबसे म्हणाले. पुढच्या रविवारी तेच बोलणं सोपं गेलं, आणि याचीच त्यांना जास्त शरम वाटली. त्यातच घरमालकाने खोलीची किंमत वाढवली आणि ताईचे पैसे थोडक्यासाठी कमी पडले. नाणी असती तर पुरून उरली असती. ताई मात्र भावाच्या पानात आणखी वाढत म्हणाली, ‘‘नाही तर नाही. तू होतास म्हणून एवढं तरी वाचलं.’’ त्यापेक्षा तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं त्यांना झालं.

मग एका दुपारी ताईच्या वरच्या मजल्यावरची नर्स बाकावर येऊन बसली. हातात आईची साखळी.

‘‘काका, ताई म्हणाल्या, आणखी पडायच्या आत विकून टाक. तुमचा शब्द म्हणजे शब्द, म्हणाल्या.’’

आटणीवाल्यांनी साखळी चिमट्यात धरली. मूस लाल झाली होती. गप्प बसले असते तर कुणाला काही कळणार नव्हतं. त्यांनी साखळी तिच्या ओंजळीत परत ठेवली, भट्टी बंद केली आणि म्हणाले, ‘‘चल, ताईकडे जाऊ.’’

ताई बटणं लावत बसली होती. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: भाव पडलाच नव्हता, चढत होता, आणि दर रविवारी ते धडधडीत खोटं बोलत होते. ‘‘माझ्यामुळे तुझी खोली गेली, ताई. आणि वर मी तुला फसवत राहिलो.’’

ताईने हातातलं कापड मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, ‘‘चुकलास, त्याचं काही नाही रे. मीही हो म्हटलंच की. पण मी गल्लीभर सांगत सुटले, माझा भाऊ खोटं बोलत नाही म्हणून.’’

आटणीवाल्यांना वर बघवेना.

‘‘आजचा भाव काय?’’ तिने विचारलं.

त्यांनी सांगितला, अगदी खरा.

ताईने सुई कापडात खोचली आणि नर्सकडे वळून म्हणाली, ‘‘तुझ्या फोनवर जरा बघतेस का गं, हा बरोबर सांगतोय का?’’