चोरखमाऱ्याच्या तलावावरची मोटर

आधीच सांगून टाकतो, माझं गोंदियाला गॅरेज आहे. धानाला पाणी देणारे पंप, मोटरसायकली, जे येईल ते दुरुस्त करतो. इंजिन बंद पडलं की त्याला कारण असतंच, एवढंच मी मानत आलो. गिऱ्हाईक म्हणालं, "भैया, नजर लगी है इसको," की मी हसतो आणि प्लग बदलतो. त्यामुळे आज हे लिहायला बसलोय याचं मलाच नवल वाटतंय...

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. माझा मामा चोरखमाऱ्याच्या तलावात मासेमारी करायचा. डोंग्याच्या मागे लावायची छोटी पेट्रोल मोटर होती त्याच्याकडे. पावसाळा संपता संपता त्याचा जोडीदार डोमाकाका जाळं सोडवताना पाण्यात पडला. पाय जाळ्यात गुंतले. वारा डोंग्याला लांब नेत होता आणि मामा नुसती मोटरची दोरी ओढत राहिला. मोटर सुरू झालीच नाही. शेवटी वल्हं मारत पोचला, तोवर सगळं संपलं होतं.

त्यानंतर मामाचं जेवणखाण सुटलं. एक दिवस त्याचा फोन आला.

"भासा, तू येऊन पाह्य. रोज सकारी थंडीत मोटर चालूच होऊन नाई राहिली. त्या दिवशी मोटरच बिघडली होती का माहा हात चुकला, एवढंच सांग मले."

मी गेलो. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. मामा वाकला तेव्हा मला रडूच आलं. काहीही करून मोटरमध्ये बिघाड सापडायलाच हवा होता.

पहिल्या सकाळी सात वाजता तलावावर पोचलो. धुक्यात पलीकडचा काठ दिसत नव्हता. मामाला शिकवलं होतं तसंच त्याने केलं – आधी चोक बाहेर, म्हणजे इंजिनात जास्त पेट्रोल जातं, मग दोरी. वीसेक वेळा ओढली, पण काही नाही. मी पान्याने प्लग काढला तर पेट्रोलने चिंब. कार्ब्युरेटर खोलून साफ केला, नवा प्लग टाकला. दुपारी मोटर झकास चालली.

"हिच्यातच बिघाड होता, मामा!" मी म्हणालो.

त्या दिवशी मामा पोटभर जेवला. मामी पदराने डोळे पुसत होती.

मोटर डोंग्यालाच साखळी-कुलूप लावून ठेवली. पेट्रोलची टाकी मात्र घरी आणली आणि माझ्या खाटेखाली सरकवली.

दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच! मामाचा चेहरा उतरला. मी चिडून झाकण काढलं. माझे हातमोजे काल पेट्रोलने भिजले होते, म्हणून उघडाच हात इंजिनावर टेकवला... आणि झटकन मागे घेतला.

इंजिन गरम होतं.

एवढ्या थंडीत ते लोखंड बोटांना झोंबायला हवं होतं. झाकणावर तर दव तसंच होतं. कुलूप जागेवर होतं. टाकी मी स्वतः आत्ता घरून आणली होती, भरलेली.

मामानेही हात लावून पाहिला. "कोनं चालवली बे?" तो हळूच म्हणाला. म्हणजे इतके दिवस रोज सकाळी मामाच्या आधी कोणीतरी ती चालवत होतं... तलावावर चिटपाखरू नव्हतं.

घाबरलो की मी बडबडत सुटतो. तेच माझं चुकलं.

"गरम हाये ना मामा, म्हणून चालू होऊन नाई राहिली. गरम इंजिनाले चोक नाई लावाचा. पेट्रोल जास्त होते." मी प्लग पुसला, चोक आत ढकलला, दोरी ओढली. पहिल्याच झटक्यात मोटर सुरू झाली.

मी वळलो तर मामा चिखलात बसला होता.

"गरम असली तं कधीच चोक नाई लावाचा?"

"नाई..."

"डोमा पडला तवा मी मोटर आत्ताच बंद केली होती. गरमच होती. अन् मी चोक वढून दोरी मारून राहिलो होतो."

मोटर तशीच धडधडत होती. ती बंद करायलाही माझा हात पुढे होईना.

त्यानंतर मोटर सकाळी कधीच गरम लागली नाही. ती आता दुसराच माणूस चालवतो. चोक लावला की दोन झटक्यांत सुरू होते म्हणतो. मामा तलावाकडे फिरकत नाही. फारसा बोलतही नाही.

गावात म्हणतात, डोमाच येऊन सांगून गेला. हे मात्र मला पटत नाही. डोमाकाकाला मी लहानपणापासून पाहिलंय. मामाच्या हातून काही बिघडलं की तो आपल्या अंगावर घ्यायचा आणि मामाला कळूही द्यायचा नाही. मेल्यावरही त्याने मामाला हे कळू दिलं नसतं.

मग त्या धुक्यात रोज मोटर चालवून जाणारं ते कोण होतं... मला आजही सांगता येत नाही.