इशाऱ्याआधी

आदिनाथ मोटार वाइंडिंग माझ्याकडं शिकला. जालन्यात, मस्तगडच्या माझ्या दुकानात चार वर्षं तारा गुंडाळल्या आणि मग चिकलठाण्याच्या विमानतळावर लागला. काम उभ्या विमानाला वीज द्यायचं. इंजिन बंद असलं की आतले दिवे बाहेरच्या विजेवर चालतात. त्यासाठी चाकांवरचा मोठा जनरेटर असतो. त्याची मनगटाएवढी केबल विमानाच्या नाकाखाली लावायची, आणि पायलटनं हातानं इशारा केला तरच बटण दाबून वीज बंद करायची आणि केबल काढायची. "उस्ताद, काम एवढंच. पण नजर हलवायची न्हाई," असं तो मला रुबाबात सांगायचा.

त्याची आई सोनूबाई जुन्या जालन्यात त्याच्याजवळच राहायची. बहीण तृप्ती दिल्लीला. तिचं मूल सहा महिन्यांचं झालं तरी आजीनं ते मांडीवर घेतलं नव्हतं. आदिनाथनं आईचं विमानाचं तिकीट काढलं, तेही मुद्दाम स्वतःच्या पाळीतलं, पुढच्या खिडकीचं. "आई, मी खालीच हाय. हात हलवीन," म्हणाला.

सोनूबाई बसली आणि खिडकीतून हात हलवायला लागली. आमचा शहाणा पायलटकडं बघायचं सोडून आईकडंच बघत राहिला. इशारा झालाच असेल, असं त्याला वाटलं आणि त्यानं बटण दाबलं. विमानात अंधार झाला, अगदी क्षणभर. पण निघताना दिवा गेला, म्हणजे सोनूबाईच्या लेखी अपशकुनच. दार अजून उघडं होतं. सगळ्यांनी समजावलं, तरी ती उतरली ती उतरलीच.

आदिनाथला लेखी ताकीद मिळाली. त्याचं त्याला काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन स्टुलावर बसला. "उस्ताद, आई म्हणून राह्यली, रेणुकाईनं वाचवलं. सांगू का, बटण मीच दाबलं म्हणून?"

तेव्हा माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "कशाला सांगतो? म्हातारीला वाईट वाटंल. चार दिवसांत विसरंल, मंग रेल्वेनं पाठव."

ती विसरली नाही. देवीनंच वाट अडवली म्हणाली, आणि दिल्लीचं नाव काढू देईना. खरं कळलं असतं तर पोराला चार शिव्या हासडून आठ दिवसांत गेली असती, होतीच तशी. तृप्तीलाही इकडं येणं जमलं नाही. सोनूबाई नातवाला मोबाईलवर खेळवत राहिली, आणि दोन वर्षांनी, गेल्या फाल्गुनात, हार्ट अटॅकनं गेली.

तृप्ती पोराला घेऊन आली, तेव्हा मी तिथंच बसलो होतो. पोर आजीच्या रिकाम्या खाटेवर चढत होतं. रडणं थोडं थांबल्यावर तिनं विचारलं, "दादा, आई त्या दिवशी कशामुळं उतरली रे? फोनवर कधी बराबर सांगितलंच न्हाई तिनं."

आदिनाथनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली.

"लाईट गेल्ती," तो म्हणाला.

कशी गेली, ते तिनं विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही.