दोरीपलीकडची जागा

आर्वीत सर्वांत जास्त सिनेमे पाहिलेला आणि तरीही एकाही नटाचे नाव ठाऊक नसलेला माणूस एकच होता, तो म्हणजे आमच्या तहसील कचेरीतले नक्कलनवीस. साऱ्या तालुक्याच्या कागदांच्या नकला करून त्यांची बोटे कायमची निळी झाली होती आणि साऱ्या तालुक्यातल्या एकट्या माणसांची काळजी करून कपाळावर आठ्यांचे जाळे पडले होते. लहानथोर सगळे त्यांना काकाजी म्हणत. मी नागपूरहून बदलून गेलो त्या पहिल्याच दिवशी त्यांनी लेखणी खाली ठेवून मला विचारले, "बाबू, जेवता कोनासंगं?" काय जेवता, कुठे जेवता हे विचारणारे पुष्कळ भेटतात. कोणाबरोबर, हे विचारणारा मला तोवर कोणी भेटला नव्हता. खानावळीत एकटाच जेवतो म्हटल्यावर त्यांना इतके वाईट वाटले की मलाच त्यांची समजूत घालावी लागली.

दिवाळी झाली की बाजाराच्या मैदानात टूरिंग टॉकीजचा तंबू लागे आणि पावसाच्या आधी गाशा गुंडाळून निघून जाई. तेवढे महिने काकाजी जिवंत असत, उरलेले दिवस नोकरी करत. त्यांना नायक-नायिकेच्या भानगडीत काडीचा रस नव्हता. गाणे लागले की ते सुपारी कातरत आणि खलनायक आला की डुलकी घेत. त्यांना लागे तो वेगळाच सिनेमा : मोटार बंद पडली आहे, आडगावच्या धर्मशाळेत पाच-सहा अनोळखी माणसे अडकली आहेत, प्रत्येकाचे दुःख निराळे, आणि सकाळ होईपर्यंत एकाच्या आयुष्याचा धागा दुसऱ्याच्या आयुष्यात गुंतलेला आहे. असल्या सिनेमात ते उपरण्यात तोंड खुपसून मनसोक्त रडत. तिकिटाच्या खिडकीशी ते नटांची चौकशी न करता एवढेच विचारत, "यात परके मानसं किती हायत?" खिडकीतला माणूस अनुभवाने शहाणा झाला होता. तो प्रत्येक सिनेमाला "सात" म्हणून सांगे.

तंबूत यंत्र एकच, त्यामुळे एक रीळ संपले की खेळ थांबे, दिवे लागत, आणि दुसरे रीळ चढेपर्यंत लोक बिड्या ओढत बसत. हा वेळ म्हणजे काकाजींची खरी कचेरी. दिवा लागला रे लागला की ते मान वळवून कोण एकटा आला आहे ते हेरत आणि त्याला उचलून दुसऱ्या एकट्याशेजारी नेऊन बसवत. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एका विधुर कंपाउंडरांशी त्यांनी माझी अशीच गाठ घालून दिली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघे मिळून स्वयंपाक करू लागलो आणि दोघांनाही तो येत नव्हता हे आठवड्याभराने एकमेकांना सांगितले. एकदा तर काकाजींनी एका बांधावरून वर्षानुवर्षे कोर्टात भांडणारे दोन कास्तकार शेजारी बसवले. त्या दाव्याच्या नकला त्यांनी स्वतःच्याच हाताने लिहिल्या होत्या. मी कपाळाला हात लावला तर म्हणाले, "मले ठाऊक हाय. इथं मधात बांध नाई, म्हनूनच त बसवले." त्या दोघांनी रीळ बदलेपर्यंत एकमेकांचे आजेपणजे उद्धरले, पण दिवे गेल्यावर पडद्यावरच्या म्हातारीचे पुढे काय होते ते पाहायला मुकाट्याने तिथेच बसले.

तंबूत पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला आणि मध्ये काथ्याची दोरी. काकाजी नेहमी दोरीला चिकटून बसत, आणि दोरीच्या पलीकडे, बायांच्या बाजूला, हात लांबवून पोत्याचा एक तुकडा अंथरून ठेवत. कोणी बाई तिथे बसायला आली की म्हणत, "बसू नका माय, मानूस येऊन राह्यलं." माणूस कधीच येत नसे. खेळ सुटला की ते पोते झटकून काखेत मारत. काकूंना माहेरी जाऊन खूप वर्षे झाली आहेत, महायुद्धाच्या आधीपासूनची गोष्ट आहे, एवढेच कचेरीत ठाऊक होते. साऱ्या गावाला एकमेकांशी बोलायला लावणाऱ्या या माणसाला त्याबद्दल विचारायची हिंमत मात्र कोणाची नव्हती.

मग एका उन्हाळ्यात एका लग्नाच्या निमित्ताने मी हिंगणीला गेलो. पंगतीत वाढणाऱ्या एका बाईंनी मी आर्वीच्या कचेरीतला असल्याचे ऐकले आणि वरणाचे भांडे हातात धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. "तिथं नकला लिहिते, थे हायत का अजून?" आहेत म्हटल्यावर त्यांनी विचारले, "घरी कोन असते त्याहिच्या?" कोणी नाही, मी म्हणालो. जेवणे आटोपल्यावर त्या ओसरीवर येऊन बसल्या. बाळंतपणाला म्हणून त्या माहेरी आल्या होत्या. मूल राहिले नाही. "मूल गेलं, म्हनून त्याहिले मीबी नको झाली असन," त्या म्हणाल्या. "कोनी न्यायलेच नाई आलं. आमच्यात सासरचे लुगडं घेऊन न्यायले येते, बाबू. आपल्या पायानं कशी जाऊ?"

आर्वीला परतल्यावर हे मी काकाजींना दुपारच्या सुट्टीत सांगितले. त्यांची लेखणी हातातच राहिली आणि कागदावर शाईचा मोठा ठिपका पडला. "आमच्यात त माहेरचे पोचवायले येते," ते म्हणाले. "मले वाटलं, लेकरू गेल्याचा राग धरला, म्हनून धाडत नाईत." मग त्यांनी लेखणी खाली ठेवली. "असं कोन्या सिनेमात दाखवलं असतं न बाबू, त मी म्हटलं असतं, लिहिनाऱ्याले अक्कल नाई."

दुसऱ्या दिवशी कंपाउंडरांना सोबत नेऊन त्यांनी लुगडे घेतले. दोन विधुर म्हणावेत असेच ते दोघे दुकानात बसले होते. रंग शेवटी दुकानदारानेच ठरवला. काकाजी हिंगणीला गेले आणि काकूंना घेऊन आले.

पण तोवर तंबू उठला होता. मग त्या पावसाळ्यात काकाजी रोज दिवेलागणीला ओसरीवर बसून काकूंना सगळे राहिलेले सिनेमे सांगू लागले. आम्हीही जाऊन बसत असू. मध्येच ते थांबत, कंदिलाची वात मोठी करत आणि पाणी पीत. "काऊन थांबले?" काकू विचारत. "रीळ बदलून राह्यले," काकाजी म्हणत, आणि त्या खरोखरच हात मांडीवर ठेवून थांबून राहत. एवढ्या वर्षांत त्यांना कोणी थांबायचे कारण सांगितले नव्हते. "तंबू आला का मले दोरीपाशी बसवजा," त्या म्हणाल्या होत्या. काकाजींनी पोत्याच्या तुकड्याला कापडाची किनार शिवून घेतली.

नवरात्र संपता संपता काकूंना ताप भरला. कंपाउंडर रात्रंदिवस उशाशी होते, वर्ध्याहून डॉक्टरही आणला, पण काकू राहिल्या नाहीत.

दिवाळीनंतर तंबू लागला. काकाजी येणार नाहीत अशी माझी आणि कंपाउंडरांची खात्री होती, पण ते आले. दोरीला चिकटून बसले, सवयीने पोते पलीकडे अंथरले आणि त्याच्यावर हात ठेवून बसून राहिले. पहिले रीळ संपले, दिवे लागले. काकाजींनी मान वळवली नाही. आर्वीतली एकटी माणसे त्या दिवशी आपापल्या जागी एकटीच बसली होती, आणि मला ते पाहवेना.

तेवढ्यात कोपऱ्यातून एक म्हातारी वाट काढत दोरीपाशी आली. "इथं कोनी हाय का, बाप्पा?" तिने विचारले.

काकाजींनी हात उचलायला वेळ लावला. मग त्यांनी पोत्याची किनार सारखी केली. "बसा, माय," ते म्हणाले. "आता कोनी नाई यायचं."

ती बसली. दिवे जायच्या आत काकाजींनी तिला हळूच विचारले, "एकट्याच आल्या का?"