प्रेअरीवरच्या बायका आणि मालतीकाकू

आमच्या स्कॅनिंगच्या खोलीत धूळ जास्त साठली की किस्से, देव जाणे! ब्रिटनमधल्या कार्डिफच्या एका लायब्ररीचं ते तळघर. काम काय, तर शंभर वर्षांपूर्वी कॅनडाच्या माळरानावर, म्हणजे प्रेअरीवर, राहणाऱ्या शेतकरी बायकांसाठी निघणारी मासिकं स्कॅन करायची. पगारी माणसं दोनच, मी आणि आमचा बॉस ह्यू. व्हॉलंटियर एकच, मालतीकाकू. रिटायर्ड भूलतज्ज्ञ. काका गेल्यापासून दर मंगळवारी हजर!

*

मासिकांत भरतकामाचे नमुने असायचे. बायकांनी ते कातरून घेतलेले, त्यामुळे पानोपानी खिडक्या. ह्यूने अशा अंकांना 'डॅमेज्ड'च्या स्लिपा लावल्या. काकूंनी त्या एकेक करून काढल्या.

"डॅमेज्ड कसले? वापरलेत!"

*

एका अंकात बिनअंड्याच्या केकची कृती होती, कारण थंडीत कोंबड्या अंडी देत नसत. काकूंनी तो करून आणला. ह्यू बराच वेळ चावत राहिला आणि म्हणाला, "इंटरेस्टिंग!"

काकू माझ्या कानाशी पुटपुटल्या, "अख्खी नोकरी इथे केली गं. या लोकांचं इंटरेस्टिंग म्हणजे काय, ते कळतं मला."

*

वाचकांच्या पत्रांत एकीने लिहिलं होतं की अख्खा हिवाळा दुसऱ्या बाईचं तोंड दिसलं नाही, सगळ्यात जवळची शेजारीण अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. मी हळहळले.

काकू म्हणाल्या, "माझी भिंतीपलीकडे आहे. अजून चहाला आलेली नाही."

मी पान उलटलं.

*

मग व्हायचं तेच झालं. फंडिंग संपलं, खोली बंद करायचं ठरलं. ह्यू बिचारा काकूंची समजूत घालायला लागला, "मालती, आता सगळं ऑनलाइन आहे. घरी बसून वाच की!"

"घरीच तर बसायचं नाहीये रे मला," काकू म्हणाल्या. मराठीत. ह्यूने माझ्याकडे पाहिलं. मला काही ते भाषांतर करवलं नाही.

*

आता मी कौन्सिलच्या ऑफिसात आहे. दिवसभर फोन, प्रिंटर, माणसांचा नुसता गलका. परवा मंगळवारी काकूंचा फोन आला.

"काकू, बऱ्या आहात ना? जरा कामात आहे हो, संध्याकाळी बोलूया का?"

"अगं, बोलू नकोस," काकू म्हणाल्या. "तू तुझं काम कर. फोन तेवढा चालू ठेव."